जुनी वाहनं चालती ठेवायची की उभी? (वाहन संग्रहालयांबद्दल)

आरे_तुंबा:

मागच्या महिन्यात एका वाहन संग्रहालयात दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी सगळी दालनं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी मात्र एका घोडागाडीच्या चाकापाशीच बराच वेळ बसून राहिलो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी त्या चाकाबद्दल. मध्ये लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडाच्या वळणदार तुकड्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग तिला लाल होईपर्यंत तापवायचं, फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आकसते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून आवळून घेते. त्या चाकावर एका जागी लाकूड जळून काळं पडलं होतं, बोटभर लांबीचा डाग. तापलेली धाव बसवताना तिथे पाणी क्षणभर उशिरा पडलं असणार. इतकी वर्षं झाली तरी त्या एका क्षणाची खूण तशीच आहे.

शेजारच्या पाटीवर लिहिलेलं वाचून मी चमकलो. कोरड्या हवेत नुसती उभी राहिली की अशी चाकं आकसतात आणि धाव सैल पडते. गाडी रोज चालत होती तेव्हा ती चिखलातून, पाण्यातून जायची आणि लाकूड फुगलेलं राहायचं. म्हणजे चालण्यानं ती झिजत होती, पण धडही राहत होती. आता तिला टिकवण्यासाठी दालनातली हवा दमट ठेवावी लागते.

तर प्रश्न असा. वाहन हे चालण्यासाठी केलेलं असतं. ते कायमचं उभं केलं तर आपण नेमकं काय जपतो? आणि चालतं ठेवायचं म्हटलं तर एकेक भाग बदलत जाणार, मग मूळचं किती उरतं? तुमचा कल कुठे?

वाफाळ:

चांगला विषय घेतलात. माझा कल स्पष्ट आहे, मूळ वाहन उभंच ठेवावं. कारण सांगतो.

'पफिंग बिली' हे १८१३-१४ सालचं वाफेचं इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आज अस्तित्वात असलेलं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं रेल्वे इंजिन तेच. खाणीवर ते १८६२ पर्यंत राबलं. आता ते चालवायचं ठरवलं तर काय होईल? बॉयलरचा पत्रा दाब सहन करेल याची खात्री करावी लागेल. ती होणार नाही, म्हणून पत्रा बदलावा लागेल. मग नळ्या, मग रिव्हेट. जो पत्रा त्या काळच्या लोहारांनी ठोकून आकाराला आणला, त्यावरचे घाव हाच तर पुरावा आहे. तो भंगारात टाकून आपण त्याच आकाराचं नवं इंजिन फिरवत बसू.

'रॉकेट'चं उदाहरण याहून बोलकं आहे. १८२९ च्या रेनहिल चाचण्या, म्हणजे रेल्वे इंजिनांची स्पर्धा, जिंकलेलं स्टीफन्सन यांचं हे इंजिन. बॉयलरमध्ये एका मोठ्या नळाऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या घातल्या, त्यामुळे आगीची उष्णता पाण्याला भरपूर मिळाली आणि इंजिन ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास पोचलं. चित्रांत दिसणारं रॉकेट पिवळंधमक असतं आणि त्याचे सिलिंडर तिरके, उंचावर बसवलेले असतात. मूळ इंजिन बघाल तर ते काळपट आहे आणि सिलिंडर जवळजवळ आडवे. कारण वापरात आल्यावर लगेचच कळलं की तिरक्या सिलिंडरांमुळे इंजिन डुलतं, म्हणून ते खाली आणले. ही दुरुस्ती मूळ वस्तूच्या अंगावर वाचता येते. कुणी हौसेनं ते 'पहिल्यासारखं' करून चालवलं असतं, तर ते पान कायमचं फाडलं गेलं असतं.

गिअरबदल:

वाफाळ, तुमचा मुद्दा कळतो, पण मला पटत नाही.

माझे वडील बस चालवायचे. संग्रहालयात त्यांच्या काळातली बस बघायला मी मोठ्या आशेनं गेले होते. रंग सुंदर, पितळ लखलखीत, दोरी लावलेली. बघितली आणि मला काहीच झालं नाही. मला आठवत होती ती बस म्हणजे चढावर गिअर पाडताना येणारा आवाज, पायाखालच्या लाकडी फळ्यांची थरथर, गरम इंजिनाच्या झाकणावर ठेवलेला बाबांचा रुमाल. त्यातलं तिथे काहीच नव्हतं. वाहन चालत नसेल तर उरतो तो नुसता आकार.

आणि जुनं इंजिन चालवणं म्हणजे त्याची नासाडीच, असंही नाही. 'जॉन बुल' हे १८३१ मध्ये इंग्लंडात तयार झालेलं इंजिन सुटे भाग करून अमेरिकेला पाठवलं होतं. ते तिथे जोडलं आयझॅक ड्रिप्स या तरुण यंत्रकारानं, ज्यानं तोवर एकही रेल्वे इंजिन पाहिलेलं नव्हतं! पुढे ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. १९८१ मध्ये, दीडशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा, संग्रहालयानं आधी त्याची कसून तपासणी केली, मग बॉयलर पेटवला आणि १५ सप्टेंबरला ते रुळावर धावलं. नंतर ते परत दालनात आलं. नीट विचार करून चालवलं आणि ज्यांनी बघितलं त्यांना आयुष्यभर पुरेल असं काही दिलं. यात काय चूक?

आणखी एक. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची मोनोरेल आहे, १९०७ सालची. तिचा जवळजवळ सगळा भार जमिनीलगतच्या एकाच रुळावर असतो आणि तोल सांभाळायला एका बाजूला एक मोठं चाक रस्त्यावरून धावतं. उभी बघितली तर वाटतं, ही कलंडत कशी नाही? हलताना बघितली की एका क्षणात उलगडतं. पाटीवर कितीही लिहा, ते समजत नाही.

पडद्यामागे:

मी एका छोट्या वाहन संग्रहालयात नऊ वर्षं स्वयंसेवक म्हणून देखभालीचं काम करतोय. दोन्ही बाजू वाचल्या. प्रत्यक्षात काय असतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण 'उभं ठेवणं' म्हणजे काहीच न करणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो.

गाडी दालनात आली की पहिलं काम म्हणजे पेट्रोल काढून टाकणं. एक तर आगीचा धोका. दुसरं म्हणजे पेट्रोल शिळं होतं, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत डिंकासारखा चिकट थर धरतो आणि पुढे तो खरवडताना पितळ ओरखडतं. मग गाडी घोड्यांवर (खाली लावायच्या आधारांवर) चढवायची, म्हणजे चाकांवरचा भार जातो. नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं आणि आतून गंज चढवतं, म्हणून तेही बदलावं लागतं.

आमच्याकडच्या एका जुन्या मोटारीचं इंजिन मी दर महिन्याला हातानं फिरवतो. स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, हँडल घालायचं आणि सावकाश फिरवायचं. चौथ्या सिलिंडरला किंचित अडखळतं, ते मनगटाला कळतं. एका महिन्यात ते अडखळणं जास्त जाणवलं म्हणून उघडून बघितलं तर व्हॉल्व्हच्या दांड्याला गंज धरायला लागला होता. वेळेत सापडलं.

पितळ लखलखीत ठेवण्याबद्दल गिअरबदल यांनी लिहिलंय. मला त्या लखलखाटाची भीतीच वाटते. पॉलिशच्या प्रत्येक हातासरशी धातूचा एक अगदी पातळ थर निघून जातो. आमच्याकडच्या एका इंजिनाच्या पाटीवरची कोरीव अक्षरं आधीच्या लोकांनी प्रेमानं घासून घासून इतकी बुजवली आहेत की बांधणीचं वर्ष आता तिरका उजेड पाडूनच वाचता येतं. आता आम्ही पितळावर मेणाचा थर देतो आणि घासणं बंद केलं आहे.

चालवण्याबद्दल अनुभवाचं एवढंच सांगतो. सगळ्यात वाईट काय असेल तर पाहुण्यांसाठी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणं. इंजिन पुरतं तापत नाही, आत पाण्याची वाफ धरते, ती तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचते आणि आतून पोखरते. चालवायचं तर नीट लांब अंतर चालवा, नाहीतर अजिबात सुरू करू नका. आमच्याकडे हा नियम करून घ्यायला दोन वर्षं भांडावं लागलं.

आरे_तुंबा:

पडद्यामागे, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मनगटाला कळणारं अडखळणं ही गोष्ट फार आवडली.

मग प्रतिकृतीचं काय? मूळ वस्तू जपावी आणि प्रतिकृती चालवावी, हा मार्ग कितपत खरा वाटतो? रॉकेटच्या चालत्या प्रतिकृती आहेत, पफिंग बिलीचीही आहे. मला प्रतिकृती म्हटलं की थोडी फसवणूक वाटते, हे कबूल करतो.

दोनचाकी:

फसवणूक मुळीच नाही. सायकलींच्या बाबतीत तर प्रतिकृतीवर बसल्याशिवाय इतिहास कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये जे दुचाकी वाहन केलं त्याला पेडल नव्हतंच. बसायचं आणि जमिनीवर पायांनी ढकलत पळायचं. १२ जून १८१७ ला ते जर्मनीतल्या मानहाइमहून निघाले आणि साताठ किलोमीटरवर जाऊन तासाभराच्या आत परत आले. मी वर्षानुवर्षं हे वाचत होतो आणि वाटायचं, पेडल लावायला लोकांना इतकी दशकं का लागली? एवढी साधी गोष्ट! एका संग्रहालयात लाकडी प्रतिकृती चालवायला मिळाली आणि उत्तर मिळालं. बसल्यावर पहिली दहा पावलं मी पाय जमिनीवरून उचलायलाच तयार नव्हतो. एकामागे एक असलेल्या दोन चाकांवर पाय उचलूनही तोल राहतो, यावर आधी विश्वासच बसत नाही. पेडल सुचायला आधी पाय उचलायचं धाडस लागतं. उतारावर मी दोन्ही पाय उचलले आणि चाकं स्वतःहून धावली, तेव्हा ते सगळं एकदम समजलं.

त्यानंतर मोठ्या पुढच्या चाकाची उंच सायकल आली. ते चाक एवढं मोठं का, तर साखळी नव्हती. पेडलच्या एका फेऱ्यात जितकं चाक मोठं तितकं अंतर, एवढाच हिशेब. १८८५ मध्ये स्टार्ली यांच्या 'रोव्हर'नं मागच्या चाकाला साखळी लावली आणि उंचीची गरजच संपली. तीन वर्षांत डनलॉप यांचा हवेचा टायर आला. आजची सायकल शेजारी ठेवा, आराखडा तोच आहे. ही तीन वाहनं ओळीनं उभी केली की पाट्यांची गरज उरत नाही. उभं ठेवण्याचीही अशी ताकद असते, फक्त शेजारी काय ठेवता त्यावर सगळं आहे.

वाफाळ:

दोनचाकी, शेवटच्या वाक्याला +१.

गिअरबदल, मोनोरेलबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मान्य करतो. पण उभं वाहनही आतून उघडून दाखवता येतं. इंग्लंडातल्या यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'एलरमन लाइन्स' नावाचं एक मोठं वाफेचं इंजिन एका बाजूनं चक्क कापून ठेवलंय. आगीची पेटी, नळ्यांचं जंगल, सिलिंडर, दट्ट्या, सगळं उघडं. धूर नळ्यांतून जातो आणि पाणी नळ्यांच्या भोवती असतं, ही गोष्ट पुस्तकात वाचताना लोक हमखास उलटी समजतात. तिथे लहान मुलंसुद्धा बोट दाखवून बरोबर सांगतात. ते इंजिन आता कधीच चालणार नाही, पण चालणारं इंजिन कसं चालतं हे त्याच्याइतकं कुणी सांगत नाही.

तिथेच 'मॅलार्ड' आहे. ३ जुलै १९३८ ला या इंजिनानं ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापून निकामी झालं होतं. माझ्यासाठी त्या इंजिनासमोर शांत उभं राहणंच पुरेसं आहे.

निळी_शाई:

सगळे इंजिनांबद्दल बोलताय, मी जरा वेगळ्या बाजूनं येते. चालती की उभी हे नंतर. आधी कुठली वाहनं जपायची ते बघा ना.

संग्रहालयात राजेरजवाडे आणि विक्रमवीरांच्या गाड्या पोचतात. फ्रान्समध्ये म्युलूज इथे राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. श्लुम्फ नावाच्या दोन गिरणीमालक भावांनी जमवलेल्या शेकडो गाड्या, त्यात बुगाटी रॉयाल, जी मुळात मोजकीच झाली. भावांचा धंदा बुडाला, १९७७ मध्ये कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली आणि आतला संग्रह बघून जग थक्क झालं. त्या गाड्या सुंदर आहेत यात वाद नाही. पण त्या काळात ज्या गाड्यांनी माणसं रोज कामाला गेली, त्यातल्या किती उरल्या? सामान्य वाहन मरेपर्यंत वापरलं जातं, मग भंगारात जातं. त्याचं कुणाला अप्रूप नसतं आणि ज्या दिवशी अप्रूप वाटतं त्या दिवशी ते सापडत नाही.

अमेरिकेत हेन्री फोर्ड संग्रहालयात एक साधी शहरी बस आहे, क्रमांक २८५७. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेनं जिच्यातली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, तीच ही बस. सेवेतून काढल्यावर ती विकली गेली आणि जवळजवळ तीस वर्षं एका शेतात उभी होती. तिचा उपयोग अवजारं ठेवायची खोली म्हणून होत होता. २००१ मध्ये लिलावात संग्रहालयानं ती घेतली आणि १९५५ मध्ये होती तशी केली. लोक त्या बसमध्ये चढतात आणि आसनावर बसतात. तिचं इंजिन चालतं की नाही, हा प्रश्न मला तिथे सुचणारही नाही. तिथे बसणं हेच त्या वाहनाचं काम होतं.

विजेरी:

निळी_शाई, फार नेमकं लिहिलंत.

मला भविष्याची काळजी वाटते. वाफेचं इंजिन आणखी शंभर वर्षांनीही चालवता येईल, कारण पत्रा ठोकता येतो, नळी वाकवता येते, कोळसा जळतो. आजची विजेरी गाडी २१२५ मध्ये कशी चालवणार? लिथियमची बॅटरी वापरा किंवा न वापरा, म्हातारी होतेच. पूर्ण उतरू दिली तर मरते, पूर्ण भरून ठेवली तर लवकर खंगते. बॅटरी कशीबशी नवीन केली तरी आतला संगणक तिला ओळखायला हवा, त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर हवं.

गंमत म्हणजे विजेच्या गाड्या नवीन नाहीतच. २९ एप्रिल १८९९ ला कामीय जेनात्झी यांनी 'ला जामे काँतांत' या टॉर्पेडोच्या आकाराच्या विजेच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनानं ताशी शंभरचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो विजेवर, हे संग्रहालयात वाचून लोक थबकतात. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास गेला आणि पेट्रोलच्या गाड्यांनी बाजी मारली. म्हणजे पेट्रोलला जिंकायला वीजच कामी आली.

आणि १९९६ ते १९९९ मध्ये तयार झालेली जनरल मोटर्सची विजेची गाडी 'ईव्ही१' आठवा. १,११७ गाड्या झाल्या, त्या फक्त भाड्यानं दिल्या होत्या. कार्यक्रम बंद झाल्यावर परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. थोड्या संग्रहालयांना आणि महाविद्यालयांना मिळाल्या, त्याही बहुतेक चालणार नाहीत अशा करूनच. ज्यांनी ती चालवली होती ते लोक आता दालनात उभ्या गाडीकडे बघतात. तिथे 'चालती की उभी' हा पर्याय संग्रहालयाच्या हातात कधी नव्हताच.

पडद्यामागे:

विजेरी यांच्या काळजीवर आम्हीही डोकं खाजवतोय. आमच्याकडे एक विजेची स्कूटर येणार आहे. बॅटरी निम्म्यावर ठेवून वेगळ्या खोलीत ठेवायची, असं ठरलंय. सोबत सगळे वायरिंगचे नकाशे, चार्जर, माहितीपुस्तिका आणि शेवटच्या मालकाकडून 'ही कशी चालवत होतात' याचं तासाभराचं चित्रण घेणार आहोत. कारण बॅटरी जाईल तेव्हा जाईल, पण कुठल्या चढावर ती दम तोडायची आणि थंडीत किती कमी जायची, हे सांगणारा माणूस बॅटरीच्याही आधी जाऊ शकतो.

गिअरबदल, तुमचे वडील आहेत का? डबल क्लच मारणारी माणसं आता फार कमी राहिलीत. त्या संग्रहालयाला विचारून बघा. बस सुरू करायची गरज नाही, फक्त चालकाच्या जागेवर बसवून बोलतं करा.

गिअरबदल:

आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. विचारते.

आरे_तुंबा:

वाट बघतो. दरम्यान, कार्ल बेन्झ यांची १८८६ च्या पेटंटची मूळ तीनचाकी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, तिच्याबद्दल वाचत होतो. गाडी जगाला पटली ती बेर्टा बेन्झ यांच्यामुळे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिननं मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर हवं हे गाडी लांब चालवल्यामुळेच कळलं. माझा कल थोडा गिअरबदल यांच्या बाजूला सरकतोय.

वाफाळ:

सरका, पण बेर्टाबाई नवी गाडी चालवत होत्या हे विसरू नका.

गिअरबदल:

उशिरा लिहितेय. संग्रहालयानं लगेच होकार दिला, सोमवारी दालन बंद असतं तेव्हा बोलावलं. दोरी काढली. बाबांना चढायला वेळ लागला, पण दांडा कुठे धरायचा हे हाताला माहीत होतं.

चित्रण करणाऱ्या मुलानं विचारलं, डबल क्लच म्हणजे काय? बाबा सांगायला लागले, "क्लच दाब, न्यूट्रलला आण, क्लच सोड, आता जरा ॲक्सिलरेटर दे, आतलं चाक वेगात आलं की पुन्हा क्लच आणि गिअर." किती ॲक्सिलरेटर द्यायचा, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "ते आवाजावर." मग त्यांनी तोंडानं तो आवाज काढून दाखवला, चढाचा वेगळा, उताराचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. इंजिन बंद होतं, बस घोड्यांवर होती आणि त्यांचा डावा पाय क्लचवर बरोबर वेळेला खाली जात होता.

मला सगळ्यात लक्षात राहिलं ते याच्याही आधीचं. जागेवर टेकल्या टेकल्या, कुणाशी काही बोलण्याआधी, त्यांनी हात बाहेर काढून आरसा नीट केला. देखभाल करणाऱ्या बाईंनी तो तसाच ठेवलाय.